हात माझा, वीज तिची

४ मार्च

विसरलीस ना? वाटलंच मला. परवा फोनवर मोठ्या तोऱ्यात म्हणालीस, आजी, तू बोलून पाठव, मी रोज ऑफिसातून आले की टाइप करून ठेवीन. परवाचं बोलणं तुझ्या फोनात अजून तसंच पडून आहे, हे आज तूच कबूल केलंस. झटका मला आला की तुला? डोक्याचा डावा भाग माझा सुकला म्हणतात, आणि विसरतेस तू.

असो. पहिल्यापासून सांगते. या सेंटरमध्ये प्रत्येक पेशंटनं रोजनिशी ठेवायची असा नियम आहे. हातानं आज काय केलं, काय नाही केलं, मनाला काय वाटलं. मी म्हटलं, बाई गं, मला अक्षरओळख नाही. सहीच्या जागी आंगठा देते, आणि तो आंगठा सध्या संपावर आहे. तर म्हणे, बोला, कुणीतरी लिहून घेईल. म्हणून ही रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे. कुणी वाचायची नाही. तूसुद्धा लिहिताना वाचू नकोस. मला स्वतःला वाचता येत नाही, म्हणजे याच्याइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही.

तब्येत उत्तम. उजवा हात आहे तिथेच आहे. जरा रुसलाय, इतकंच.

तुझ्या बापानं मोठ्या डॉक्टरांसमोर अट घातली आहे. महिनाअखेर उजव्या हातानं, कुणाच्या मदतीशिवाय, ग्लासभर पाणी उचलून प्यायचं. जमलं तर मी माझ्या इस्त्रीच्या दुकानात परत, दुकानामागच्या माझ्या खोलीत, माझी मी. नाही जमलं तर दुकानाला कुलूप, आणि मी कायमची तुमच्या तिसऱ्या मजल्यावर सोफ्याच्या कोपऱ्यात. मी म्हटलं, महिनाअखेर कशाला, पुढचा सोमवार धरा. डॉक्टर हसले. हसू देत.

वकीलबाईंना निरोप दे. पंधरा तारखेपासून त्यांचे काळे कोट इस्त्रीला माझ्याकडेच.

५ मार्च, सकाळ

मशीन पाहिलं. बुटाच्या खोक्याएवढी पेटी, तिच्यातून निघालेल्या तारा, समोर टीव्हीसारखा स्क्रीन. मशीन चालवणाऱ्या मुलीचं नाव मी पॅडवाली ठेवलंय. ती आधी हाताला जेल लावते. जेल म्हणजे सर्दी झालेल्या पोराचं नाक पुसल्यावर जे हाती येतं ते, फक्त फ्रिजमधलं. मग त्यावर रबरी पॅड चिकटवते. एका पॅडवर केस होता. मी म्हटलं, हा कुणाचा? पॅडवाली म्हणाली, पॅड नवे आहेत आजी, तुमच्यासमोर पाकीट फोडलं. मी म्हटलं, माझ्या हातावर केस नाहीत. तेव्हापासून शिसारी बसली आहे, ती जात नाही.

समोरच्या खुर्चीत एक सलूनवाला. त्याचाही उजवा हात गेलाय. म्हणजे त्याचा गेलाय. माझा नाही. तो घसा खाकरतो, रुमालात काय आलं ते उघडून बघतो, आणि रुमालाची घडी घालतो. घडीही वाकडी.

५ मार्च, संध्याकाळ

केस माझ्याच हनुवटीचा निघाला. हे लिहू नकोस.

६ मार्च

दुपारी इथल्या मावशी जेवण भरवायला आल्या. चमचा माझ्या तोंडासमोर धरून आ करा म्हणाल्या आणि स्वतःच आ केला. त्यांनी सकाळी काय खाल्लं ते मला दिसलं. चमचा दातांवर खटकन आपटला, निम्मं हनुवटीवर ओघळलं, आणि बाईनं ते चमच्याच्या कडेनं खरवडून परत तोंडात घातलं. भिंतीतल्या भेगा बुजवतात तसं. मी तोंड मिटलं ते मिटलंच.

ठराव: यापुढे कुणाच्याही हातचा घास घ्यायचा नाही. डाव्या हातात धरता येईल तेवढंच खायचं. केळं, पाव, उकडलेलं अंडं. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे शर्ट कडक करणारी बाई मी. मला कुणी आ करा म्हणायचं नाही.

तसंही थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

८ मार्च

आज खरा प्रकार कळला. हे मशीन आपल्या मनानं काही शिकवत नाही. त्याला एक शिकवणारा हात लागतो. धडधाकट माणसाच्या हाताला बारीक तारा लावायच्या, माझ्या हाताला पॅड. त्या माणसानं हात उचलला की त्याच्या स्नायूतली वीज मशीन टिपून घेतं आणि त्याच मापाचा करंट माझ्या हातात सोडतं. तो उचलतो, माझा उठतो. असं रोज घोटत राहिलं की हाताला जुनी आठवण येते म्हणे. मग करंट कमी कमी करत जायचा आणि हातानं आपल्या पायावर उभं राहायचं.

म्हटलं, ठीक आहे, कुणाचा हात?

तुझ्या आईचा.

मी म्हटलं, माझ्या मुलाचा लावा, तो माझ्या रक्ताचा आहे, त्याची वीज मला लवकर मानवेल. मुलगा म्हणाला, मला ऑफिस आहे. ऑफिस तुझ्या आईलाही आहे. पण तिनं रजा काढली. मला विचारलंसुद्धा नाही. तारा लावून घेताना म्हणाली, आई, चालेल ना तुम्हाला? मी म्हटलं, मला काय विचारतेस, आता चालवणारी तू.

एवढी वर्षं मी तिच्या स्वयंपाकघरात लुडबूड केली, हे कबूल. पण मी तिच्या कोपरात शिरून लुडबूड केली नव्हती.

९ मार्च

पहिला करंट. हातात मुंग्यांचं वारूळ फुटलं. तुझ्या आईनं हात उचलला आणि माझा उठला. गळाला लागलेला मासा वर यावा तसा, लोंबकळत, मला न विचारता. बोटं ग्लासला लागली, ग्लास आडवा, पाणी माझ्या मांडीवर. पॅडवाली टॉवेल घेऊन पुसायला लागली, लहान मुलाचं पुसतात तिथं. सलूनवाला हसला, हसताना त्याला खोकला आला, आणि रुमाल निघाला.

जन्मभर वीज माझ्या हाताखाली राबली. बटण दाबलं की तापायची, सोडलं की गार. आता बटण तुझ्या आईच्या दंडात आहे.

दोष ग्लासचा. बूड लहान आहे.

१० मार्च

मोठ्या बुडाचा ग्लास आणला. दोष टेबलाचा.

१३ मार्च

प्यायले!

ग्लास धरला, उचलला, तोंडाला लावला, प्यायले. पॅडवालीनं टाळ्या वाजवल्या. तुझी आई माझ्यासमोर बसून तिचा ग्लास पीत होती, मी माझा. पण तुझी आई पाणी पिते कशी, तू कधी नीट बघितलंस? चिमणीसारखी. एक घोट, थांबली. एक घोट, थांबली. त्यामुळे मलाही तसंच प्यावं लागलं. मी एका दमात तांब्या रिकामा करणारी बाई, आणि ओठांना पाणी लावून ग्लास परत खाली. तहान तशीच. त्यातून दुसऱ्याच्या मनगटानं गिळायचं म्हणजे दुसऱ्याची उष्टी चूळ प्यायल्यासारखं वाटतं.

तरी प्यायले. हे मोठ्या डॉक्टरांनी लिहून घ्यायला हवं होतं. ते चहाला गेले होते.

१४ मार्च

वकीलबाईंना सांग, पंधरा नाही, वीस. हात तयार आहे, पण इथले लोक सोडत नाहीत.

१६ मार्च

तुझ्या आईला एक सवय आहे. मधूनच कानातलं चाचपून बघते, आहे ना जागेवर म्हणून. आज तारा लावलेल्या असताना चाचपलं. माझा हात ताडकन वर. कान चुकला, बोट नाकपुडीत. सगळ्या खोलीसमोर. सलूनवाला म्हणाला, आजी आतून साफसफाई काढतायत. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. त्या माणसानं नाकाबद्दल बोलावं!

तुझी आई किती वेळ सॉरी सॉरी म्हणत राहिली. मी सांगितलं, सॉरी कशाला, माझं नाक खाजत होतं. मीच नेला हात.

आणि आता शांतपणे बसून विचार करते, तर खरंच खाजत होतं.

१८ मार्च

मशीन बंद असताना हात खुर्चीच्या दांड्यावरून सरकला. मी स्वतः पाहिलं. पॅडवालीला हाक मारली. ती म्हणाली, आजी, तुम्ही खांद्यानं ढकललात, तेही चांगलंच आहे, खांदा मदतीला येतोय. मी म्हटलं, खांदा कुणाचा, शेजारणीचा? ती हसली. या मुलीला एवढी मशीनं कळतात, पण हात हात असतो हे कळत नाही. तिच्या केसांना त्या जेलचा वास येतो. मला सांगायचं होतं, सांगितलं नाही. मी सभ्य आहे.

२० मार्च

मोठा शोध लागला. नीट लिही, गाळू नकोस.

इतके दिवस सगळे म्हणतायत, सून हात उचलते म्हणून सासूचा उठतो. आज मी बारकाईनं लक्ष ठेवलं. माझ्या मनात येतं, चला, आता उचलूया. त्यानंतर तुझी आई हात उचलते. आधी माझ्या मनात, मग तिचा हात. दर वेळी. एकदाही उलट नाही.

म्हणजे चालवणारी कोण?

मीच. माझा हात बरा झालाय, आणि त्याच्या जोरावर आता तिचाही चालतोय. या लोकांनी तारा कशा जोडल्यात देव जाणे, पण वीज माझ्याकडून तिच्याकडे जाते आहे.

२१ मार्च

खात्री करून घेतली. ग्लासकडे बघितलं, तिनं हात उचलला. खिडकीकडे बघत बसले, तिनं उचलला नाही. पुन्हा ग्लासकडे, पुन्हा उचलला. सून शेवटी सासूच्या धाकात आली, फक्त त्यासाठी एवढं मोठं मशीन लागलं.

पॅडवालीला सांगितलं. ती म्हणाली, अहो आजी, त्या तुमच्या डोळ्यांकडे बघतात, तुमची तयारी झाली की मगच उचलतात, मीच तसं सांगितलंय त्यांना. मी मान डोलावली. शिकल्यासवरलेल्या माणसाचं मन मोडू नये.

वकीलबाईंना वीसचा निरोप दिला होतास का? दिला नसशील तर बरंच झालं. एक एप्रिल सांग.

२३ मार्च

करंट कमी केला. ग्लास अर्ध्यावर गेला आणि खाली.

ग्लासला बाहेरून कसलातरी तेलकट हात लागलेला होता. या सेंटरमध्ये भांडी कशी धुतात हे मी मावशींच्या दाढांवरून ओळखलंय.

२४ मार्च

करंट आणखी कमी. हात टेबलावर पडून राहिला. पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. मी त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला माझ्याच हाताची किळस आली. कातडी ढिली, नखं पिवळी, जेलचे पापुद्रे. दुसऱ्या कुणाचा तरी हात माझ्या बाहीत राहून गेल्यासारखा.

उचलण्याच्या नेमक्या क्षणी सलूनवाला शिंकला. लक्ष उडालं. इतकंच.

२५ मार्च

सलूनवाल्यानं कंगवा उचलला. मशीन बंद, तारा काढलेल्या, बायको बाजूला. थरथरत, चुकत, कपाळावर एक ओरखडा काढत त्यानं डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांतून कंगवा फिरवला. बायको रडली. तोही रडला. डोळ्यांतून आलं, नाकातून आलं, आणि रुमाल काढायलाही त्यानं तोच हात वापरला. बघवेना.

मला म्हणाला, आजी, तुमचाही येईल. मी म्हटलं, माझा आलेलाच आहे, मी दाखवत नाही.

कंगवा हलका असतो. पाण्याचा ग्लास जड. हे कुणी लक्षात घेत नाही.

२६ मार्च

तुझा बाप आला होता. उभ्या उभ्याच बोलला. मोबाइल दुरुस्तीवाल्या एका माणसाला माझी जागा बघायची आहे म्हणे. मी म्हटलं, कुठली जागा? म्हणाला, दुकानाची, आई. नुसता बघून जाईल. मी विचारलं, आणि मागची खोली? म्हणाला, तीही त्याच किल्लीत येते.

माझं इस्त्रीचं टेबल त्यानं कुठे ठेवायचं ठरवलंय, ते मी विचारलं नाही. त्यावरचं घोंगडं एका बाजूला जळकं आहे, ते माझ्याशिवाय कुणाला नीट अंथरता येत नाही.

तुझी आई दारात उभी होती. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो बोलायचा थांबला. मला तिची मदत नको होती. पण बघितलं खरं.

तिनं डब्यात मऊ भात आणला होता. मी म्हटलं, मला भूक नाही. भूक होती. भात डाव्या हातानं अंगभर होतो. पाव कुरतडला. तीन आठवडे पाव कुरतडून टाळूला घट्टा पडलाय.

२८ मार्च

ठरलं. परवा परीक्षा आहे. मोठे डॉक्टर, तुझा बाप, पॅडवाली, सगळे असणार. नुसतं पाणी पिऊन दाखवलं तर हे म्हणतील, योगायोग. काहीतरी असं दाखवायला हवं की पुन्हा कुणाचं तोंड उघडता कामा नये.

पॅडवालीला सांगितलं, परवा तारा उलट लाव. बारीक तारा माझ्या हाताला, पॅड सुनेच्या हाताला. मी उचलीन, तिचा उठेल. मग कळेल सगळ्यांना वीज कुठून कुठे जाते ते. पॅडवाली म्हणाली, आजी, कशाला? मी म्हटलं, घाबरतेस का? ती मोठ्या डॉक्टरांना विचारून आली. ते म्हणाले, बघू या की, आपल्यालाही कळेल काय स्थिती आहे.

तुझ्या आईला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. जरा जास्तच लगेच.

वकीलबाईंना सांग, कोट धुऊन तयार ठेवा. एक तारीख पक्की.

३० मार्च, दुपार

आज बोलणार नव्हते. बोलते. तू लिही आणि मध्ये काही विचारू नकोस.

सगळे जमले. सलूनवाला खुर्ची पुढे ओढून बसला, सिनेमाला बसतात तसा. माझ्या दंडाला, कोपराखाली, मनगटाशी बारीक तारा. तुझ्या आईच्या हाताला जेल, पॅड. जेल लावताना ती शहारली. मला बरं वाटलं. म्हटलं, आता कळेल. तिच्या हातावरच्या रोजच्या तारा पॅडवालीनं तशाच राहू दिल्या. तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

डॉक्टर म्हणाले, आजी, करा सुरुवात.

मी मनात म्हटलं, उचल.

काही नाही.

पुन्हा म्हटलं, उचल. दात आवळून, पायाची बोटं आवळून म्हटलं. तुझा बाप खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाटलं, संपलं. आणि तेवढ्यात तुझ्या आईचा हात उठला. सावकाश. बोटं ग्लासला लागली, ग्लास वर आला, तिच्या तोंडाशी गेला, ती प्यायली. एक घोट, थांबली. एक घोट, थांबली. सलूनवाल्यानं त्याचा बरा झालेला हात मांडीवर थापटला आणि शाब्बास आजी म्हणून ओरडला. तुझा बाप वळला. त्याचा चेहरा मी त्याच्या दहावीच्या निकालानंतर असा पाहिला नव्हता.

मी म्हटलं, बघितलंत? सांगत होते की नाही?

मोठे डॉक्टर स्क्रीनकडे बघत होते. पॅडवाली मान खाली घालून तारांचा गुंता सोडवत होती, गुंता नसलेल्या तारांचा. म्हणून मीही स्क्रीनकडे बघितलं.

तिथे दोन रेघा होत्या. महिनाभर बघत आलेय त्या. वरची माझी, खालची तिची. खालच्या रेघेवर डोंगर उठलेले. वरची रेघ सपाट. मला अक्षर कळत नाही गं, पण सपाट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. जन्मभर तेच केलं. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही चादरीवर इतकी कमी सुरकुती राहिली नसेल.

माझ्या हातातून काहीच निघालं नव्हतं. मशीननं तिला काहीच दिलं नव्हतं. तिनं आपला हात आपणच उचलला होता.

तुझी आई माझ्याकडे बघून म्हणाली, आई, खरंच ओढल्यासारखं झालं. हे म्हणताना तिच्या हनुवटीवर पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती. इतकं वाईट खोटं बोलणारी बाई विम्याच्या ऑफिसात टिकली कशी?

तिच्या दयेची, त्या जेलची, त्या शाब्बासकीची, सगळ्याची एकदम किळस आली. महिनाभर माझ्या हातानं तीच पाणी पीत होती आणि मी तिला नावं ठेवत होते, की नीट पीत नाहीस.

मग डॉक्टरांनी हलक्या आवाजात विचारलं, आता साधं करून बघायचं का? तारा नाहीत, पॅड नाहीत, फक्त तुमचा उजवा हात. मी हो म्हटलं. ग्लास माझ्यासमोर ठेवला. मोठ्या बुडाचा, कोरडा, स्वच्छ. कुणी शिंकलं नाही. सलूनवाल्यानं तर श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

हात टेबलावर होता तसाच राहिला.

मी बरंच काही बोलणार होते. दोष कुणाचा ते शोधायला खोलीभर नजर फिरवली. कुणी सापडेना.

३० मार्च, संध्याकाळ

वकीलबाईंना सांग, कोट दुसरीकडे द्या. कोपऱ्यावरचा मुलगा बरा आहे. कॉलर त्याला जमत नाही, पण बाकी बरा आहे. मी पाठवलंय म्हणावं.

मोबाइलवाल्याला किल्ली द्यायला मी तुझ्या बापाला सांगितलं. तो म्हणाला, आई, घाई नाही. मी म्हटलं, देऊन टाक, नाहीतर मी विचार बदलीन आणि तुला पुन्हा ऑफिसला दांडी मारून यावं लागेल.

३१ मार्च

शनिवारी तुमच्याकडे जायचंय. माझ्यासाठी सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा रिकामा केलाय म्हणे. मी विचारलं, खिडकीतून काय दिसतं? तर समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी. चुरगळलेली, सगळी. बघून बघून माझा जीव जाणार.

मशीन सोडायचं नाही असं पॅडवाली म्हणते. आठवड्यातून दोनदा यायचं, महिने लागतील, कदाचित येईल, कदाचित नाही. पहिल्यांदाच ती मला पटेल असं बोलली. मी विचारलं, शिकवणारा हात कुणाचा? ती म्हणाली, तुमच्या सूनबाईंनी रजा वाढवलीये. मी तुझ्या आईकडे बघितलं. म्हटलं, ये, पण कानातलं घरी काढून ठेवून ये.

दुपारी डबा आला. पाव होता. पावाकडे बघितलं आणि टाळू दुखली. तुझी आई बाजूला बसली होती, तिच्या डब्यातलं तिचं जेवत. मी किती तरी वेळ भिंतीकडे बघत बसले. मग तोंड उघडलं. आ करा असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं तिच्या डब्यातून एक चमचा भरला, त्यावर फुंकर मारली आणि माझ्या तोंडात घातला. दातांवर आपटला नाही. सांडलं नाही. काही ओघळलं असलं तरी तिनं खरवडलं नाही.

फुंकरीची मात्र किळस आली. दुसऱ्याच्या तोंडचा वारा लागलेला घास! ही सवय तिला कुणी लावली कोण जाणे. तुझ्या लहानपणी असेल.

तर आता नीट ऐक, आणि हे तरी विसरू नकोस. तुझ्या आईला आत्ताच फोन कर आणि सांग, पाव पुरे. उद्यापासून कोंबडीचं सूप पाठव, हाडं काढून, मीठ बेतानं. आणि घरीच कोमट करून पाठव, म्हणजे चमच्यावर फुंकर मारायची वेळ येणार नाही.